घसरता सांधा

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, नांदे आणि चांदे ही दोन गावे एकमेकांना इतकी लगटून आहेत की, परिसरातला मनुष्य त्यांची नावे सहसा जोडीनेच घेतो. एका अंगाला हिंजवडी-माणच्या बाजूने सरकत आलेल्या उत्तुंग इमारती आणि दुसऱ्या अंगाला भातखाचरे, अशा दोन अंमलांच्या सरहद्दीवर वसलेल्या या चांद्याच्या परिसरात बैलगाडीचा सारा कारभार आता पिकअप नावाच्या वाहनाकडे गेला आहे. पहाटे दुधाचे कॅन, सकाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे जाणारी भाजी, दुपारी बांधकामाच्या विटा आणि सिमेंटच्या गोण्या, सायंकाळी मंडपाचे सामान, आणि लग्नसराईत, मोटार कायद्याला न विचारता, वऱ्हाडदेखील, असा या वाहनाचा रोजनामा असतो. ज्या मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांसारखा पुरुष ज्यापायी तुरुंगात गेला, त्याच तालुक्याच्या रस्त्यांवर आज टाटांच्या नाममुद्रेची वाहने शेतकऱ्याचा माल वाहतात आणि त्यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही. काळाची ही थट्टा नोंदवून पुढे जावे हे बरे, कारण आपला आजचा विषय पंख्याचा आहे.

पिकअपच्या मालकांकडून उन्हाळ्यात एक तक्रार हटकून ऐकू येते. मोकळ्या रस्त्यावर गाडी साठ-सत्तरच्या वेगाने धावत असता तापमानाचा काटा मध्यावर निश्चल असतो. पण हिंजवडीच्या चौकात वाहनांच्या खोळंब्यात अर्धा तास अडकून पडावे लागले, किंवा माणगावकडून येताना भरल्या गाडीने ताम्हिणी घाट दुसऱ्या गिअरात चढावा लागला, की तोच काटा लाल रेघेकडे सरकू लागतो. धावताना जी गाडी शांत राहते ती उभी राहिली की तापते, हे कोडे मालकाला उलगडत नाही. आणि कोडे उलगडले नाही म्हणजे सामान्यतः मनुष्य जे करतो तेच तोही करतो, म्हणजे एकामागून एक भाग बदलीत सुटतो. आधी कूलंट बदलले जाते, मग रेडिएटर सोडवून साफ होतो, मग कोणी धाडसी मिस्त्री थर्मोस्टॅटचा व्हॉल्व ही अनावश्यक चैन आहे असे ठरवून तो काढूनच टाकतो, आणि त्यामुळे थंडीत इंजिन नीट तापेनासे होऊन डिझेल अधिक जाळू लागते ही आणखी एक तक्रार जमेस धरली जाते. खरा दोषी मात्र या साऱ्या तपासात सर्वांच्या डोळ्यांदेखत रेडिएटरच्या मागे फिरत असतो. फिरत असतो म्हणूनच त्याच्याविषयी कोणाला संशय येत नाही. पंखा आणि इंजिन यांना जोडणारा जो एक वाटोळा, बाहेरून पन्हळीदार, ॲल्युमिनियमचा डबा असतो, ज्याला फॅन क्लच किंवा व्हिस्कस फॅन म्हणतात, त्याचेच हे प्रकरण आहे.

डिझेल इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळ जमाखर्च असा मांडता येतो: एक-तृतीयांशाच्या आसपास उष्णता इंजिनाच्या दांड्यावर शक्ती होऊन येते, जवळपास तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेलीपैकी बहुतेक इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याच्या स्वाधीन होते. हे पाणी, म्हणजे व्यवहारात पाणी आणि ग्लायकोल यांचे मिश्रण, पंपाच्या, मिस्त्रींच्या भाषेत वॉटर बॉडीच्या, जोरावर रेडिएटरकडे जाते आणि तेथे आपली उष्णता हवेला देऊन परत येते. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख याने हजारो बारीक नळ्यांचा जो जाळीदार रेडिएटर घडविला, तेव्हापासून या योजनेच्या मूळ तत्त्वात बदल झालेला नाही: पाण्याचा आणि हवेचा स्पर्श जितक्या अधिक पृष्ठभागावर घडेल तितके बरे. मात्र या सर्व व्यवहाराला हवा हलती लागते. गाडी वेगात असली म्हणजे समोरून येणारा वारा ही कामगिरी फुकट बजावतो आणि पंखा असला काय नि नसला काय, फारसा फरक पडत नाही. गाडी उभी राहिली, अथवा चढावर पाठीमागून वारा घेत मुंगीच्या गतीने सरकू लागली, की सारा भार एकट्या पंख्यावर येतो.

आता जुन्या वाहनांतील तजवीज पाहावी. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने विलीज जीप या देशात आणली आणि पुढे खेडोपाडी तिचा संचार झाला. त्या जीपचा पंखा वॉटर बॉडीच्या पुलीला सरळ बोल्टांनी जखडलेला असे, म्हणजे इंजिन जितके फेरे घेई त्या प्रमाणात पंखाही घेई. या व्यवस्थेत साधेपणाचा गुण मोठा आहे; पण विचार केल्यास ती गरजेच्या नेमकी उलट चालते. गाडी महामार्गावर असते आणि वारा मुबलक असतो तेव्हा इंजिनाचे फेरे जास्त, म्हणून पंखा कर्कश आवाज करीत निष्कारण जोरात. आणि गाडी चौकात खोळंबलेली असते, पंख्याची खरी निकड असते, तेव्हा इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. मंदगतीतही पुरेल इतका मोठा पंखा बसवावा, तर तो वेगात असताना शक्ती खातो, आणि तीही साध्या प्रमाणात खात नाही. पंख्याचे फेरे दुप्पट झाले की तो फिरविण्यास लागणारी शक्ती आठपट होते, कारण ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जी अश्वशक्ती माल ओढण्यासाठी डिझेल देऊन विकत घेतली, तिच्यातील काही अशी हवा घुसळण्यात खर्ची पडते.

यावर अभियंत्यांनी जो तोडगा काढला त्यात मला मौज वाटते ती ही की, त्यांनी सांधा अधिक घट्ट न करता तो घसरता केला. फॅन क्लचचा दांडा वॉटर बॉडीला जोडलेला असतो आणि त्याच्या टोकाला, डब्याच्या आत, एक तबकडी फिरत असते. पंख्याची पाती असतात ती बाहेरच्या डब्याला. तबकडी आणि डबा यांचा एकमेकांशी धातूचा संबंध केवळ एका बेअरिंगपुरता. त्यांच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर एकात एक बसणारी वर्तुळाकार कंगोऱ्यांची नक्षी असते, पण ती एकमेकींस टेकत नाही. मध्ये केसाएवढी फट राहते, आणि त्या फटीत असतो घट्ट सिलिकॉनचा द्रव. दोन ताटल्यांमध्ये काकवी भरून खालची फिरवावी म्हणजे वरची जशी थोडी रेंगाळत का होईना तिच्यामागे फिरू लागते, तसे फिरत्या तबकडीच्या ओढीने हा डबा आणि त्यावरील पंखा फिरू लागतो. फटीत द्रव पुरेसा असला तर ओढ मोठी, कमी असला तर ओढ लहान. म्हणून पंख्याचे नियंत्रण म्हणजे या फटीत किती द्रव राहू द्यावा याचे नियंत्रण.

ते ज्या युक्तीने होते ती विजेवाचून आणि चालकावाचून चालणारी आहे. डब्याच्या आतला अवकाश एका पडद्याने दुभागलेला असतो. पुढच्या भागात द्रवाचा साठा, मागच्या भागात तबकडीचे कार्यक्षेत्र. पडद्याला एक छिद्र आणि छिद्रावर एक झडप. ही झडप फिरविणारी दांडी डब्याच्या पुढच्या तोंडातून बाहेर येते आणि तेथे, रेडिएटरमधून येणाऱ्या हवेच्या अगदी समोर, तिला दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या चिकटवून केलेले एक सर्पिल वेटोळे जोडलेले असते. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे रेडिएटरमधून येणारी हवा तापू लागली की वेटोळे उलगडू पाहते आणि दांडीला पीळ देते. ही हवा सामान्यतः सत्तर अंश सेल्सियसच्या मागेपुढे तापली की झडप उघडते, द्रव केंद्रोत्सारी बलाने बाहेरच्या फटीत धावतो आणि पंखा इंजिनाच्या जवळपास गतीने गर्जू लागतो. हवा निवली की झडप मिटते. तबकडी आणि डबा यांच्या गतीतील फरकाचाच उपयोग करून द्रव हळूहळू पुन्हा साठ्यात ढकलला जातो, आणि पंखा दांड्याच्या गतीच्या चौथ्या हिश्शाएवढ्या आळसावलेल्या फेऱ्यांवर येतो. फेरे निम्मे झाले तर पंख्याला पोचणारी शक्ती एक-अष्टमांश होते हे आपण पाहिलेच. तितकीच शक्ती घसरणीत उष्णता होऊन वाया जाते, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पण दोन्ही धरूनही इंजिनावरचा भार चतुर्थांश उरतो. घसरणीतली ही उष्णता बाहेर टाकण्यासाठीच डब्याच्या अंगावर त्या पन्हळी असतात, आणि त्या चिखलाने लिंपल्या गेल्या तर क्लचचे आयुष्य घटते.

सिलिकॉनच का, साधे तेल का नाही, याचे उत्तर असे की साधे तेल तापले की पातळ होते, म्हणजे नेमक्या निकडीच्या वेळी त्याची ओढ जाते; सिलिकॉनच्या द्रवाचा घट्टपणा तापमानाबरोबर फारच थोडा ढळतो. या द्रव्यकुलाची पायाभरणी नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली, आणि पुढे एका व्याख्यानात त्यानेच या संशोधनातून लवकर काही महत्त्वाचे निष्पन्न होईल अशी आशा फारशी दिसत नाही, असा अभिप्राय दिला. दुसऱ्या महायुद्धात तापमानाला न डगमगणाऱ्या पदार्थांची गरज पडली, १९४३ मध्ये अमेरिकेत या द्रव्यांच्या उत्पादनासाठी डाऊ कॉर्निंग कंपनी स्थापन झाली, आणि विद्वानाचा अभिप्राय कागदावर राहिला.

हा द्रव एकूण वाटीभरही नसतो. वर्षानुवर्षांच्या धावपळीत बेअरिंगच्या अथवा दांडीच्या तोंडाशी असलेल्या सीलातून तो पाझरू लागतो आणि क्लच मरू लागतो. एका दिवसात मरत नाही, म्हणूनच फसवितो. त्याच्या आजाराची लक्षणे मात्र कोणालाही तपासता येतील अशी आहेत. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवून सोडावा: निरोगी क्लच थोडा अडखळत थांबतो, रिकामा झालेला क्लच पाच-सात गिरक्या सुखाने घेतो. डब्याच्या मधोमध, वेटोळ्याभोवती किंवा मागे दांड्यापाशी, धूळ चिकटून झालेले तेलकट किरण दिसले तर द्रव बाहेर आला असे समजावे. पात्याचे टोक धरून मागेपुढे हलवावे. बोटभर हलले तर बेअरिंगची शाश्वती नाही. याउलट काही क्लच आतून गच्च होऊन बसतात. तेव्हा गाडी तापत नाही, पण सकाळसंध्याकाळ विमानासारखा घोष चालू राहतो, ओढ मंदावते आणि डिझेलचा हिशेब लागत नाही. पण या सर्वांआधी रेडिएटरच्या जाळीत भाताचा भुसा, चिखल आणि मेलेले किडे किती साठले आहेत ते पाहावे आणि पाण्याची धार आतून बाहेरच्या दिशेने मारून ती स्वच्छ करावी. वाटच तुंबली असेल तर नवा क्लचही काय ओढणार?

येथे एका लोकप्रिय उपायाविषयी बोलणे भाग आहे. क्लच गेला असे निदान झाले की पुष्कळ ठिकाणी पंखा 'डायरेक्ट' करून मिळतो, म्हणजे डबा आणि दांडा वेल्डिंगने किंवा बोल्टांनी एकजीव करून टाकला जातो. खर्च नगण्य, गाडी थंड, मालक संतुष्ट. घाटात मध्यरात्री अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यापुरते असे केले तर त्यात मी काही गैर मानणार नाही. परंतु हीच व्यवस्था कायम ठेवणे म्हणजे जुन्या जीपच्या काळात परत जाणे होय, आणि तेही जीपहून वाईट रीतीने. कारण हा मोठा पंखा घसरता राहील या हिशेबानेच आखलेला असतो. वेगात त्याच्या पात्यांवर आणि वॉटर बॉडीच्या बेअरिंगवर जो ताण येतो तो त्यांच्या कुवतीबाहेरचा ठरू शकतो, आणि अशा वेळी तुटलेले पाते प्रथम रेडिएटरमध्ये घुसते. इकडे पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन वाहनांच्या धुराची आणि आवाजाची काटेकोर परीक्षा घेऊन दाखले देते, आणि तिकडे टेकडीपलीकडे दोन वेल्डिंगच्या टाक्यांत त्या दाखल्यातला आवाजापुरता अर्थ नाहीसा होतो. बचत म्हणून केलेल्या या कामाची किंमत पुढे प्रत्येक टाकीमागे थोडी थोडी फेडली जाते. ती कोणी पावतीवर लिहीत नाही, एवढेच.

प्रत्यक्ष क्लच बदलण्याचे काम सराईत हाताला एक-दोन तासांचे आहे आणि त्यात गूढ असे काही नाही. मात्र क्रम पाळला पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असावी. बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा, कारण झाकणाने दाब धरून ठेवलेला असतो म्हणूनच आतले पाणी शंभर अंशांवरही उकळत नसते. दाब सुटताक्षणी ते उकळून अंगावर येते. नंतर पंख्याभोवतीचे काउल सोडवावयाचे. हे प्लॅस्टिकचे कडे पुष्कळ जुन्या गाड्यांतून नाहीसे झालेले दिसते, कारण एकदा काम करताना अडचण झाली म्हणून कोणी ते काढले आणि परत बसविण्याचा कंटाळा केला. वस्तुतः पंख्याने ओढलेली हवा रेडिएटरमधूनच यावी, बाजूने तीच तीच गरम हवा फिरत राहू नये, ही कामगिरी त्या कड्याची असते आणि ते नसलेल्या गाडीत उत्तम क्लचही निम्मेच फळ देतो. काउल मागे सरकवून रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये जाड पुठ्ठा उभा करावा. ही सूचना क्षुल्लक वाटते. पण पाना निसटून रेडिएटरच्या नळीला भोक पडले की दोन तासांचे काम दोन दिवसांचे होते.

जोडणीचे दोन मुख्य प्रकार आढळतात. काही गाड्यांत क्लच चार बोल्टांनी पुलीला बसविलेला असतो. तेथे पट्टा अजून ताणलेला असतानाच बोल्ट थोडे सैल करून घ्यावेत, म्हणजे पुली हाताबरोबर फिरत नाही. दुसऱ्या प्रकारात क्लचच्याच मागे एक मोठा नट असतो आणि तो वॉटर बॉडीच्या दांड्यावर आट्यांनी चढविलेला असतो. हे आटे अनेक गाड्यांत उलटे असतात, आणि त्यामागे तर्क असा की इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने नट घट्ट होत जावा, सुटत जाऊ नये. आपल्या गाडीचे आटे कोणते, हे तिच्या पुस्तिकेत पाहिल्यावाचून नटाला हात लावू नये. चुकीच्या दिशेने लावलेल्या ताकदीने नट सुटत नाही, दांडा मात्र दुखावतो. पुली पट्टीच्या अवजाराने धरून ठेवावी आणि पान्यावर एकच मोजका, खणखणीत आघात करावा. क्लच आणि पंखा, आणि बहुधा त्यांच्याबरोबर काउलही, एकत्रच वर उचलून बाहेर काढावे लागतात.

बाहेर काढल्यावर, नवा भाग बसविण्याची घाई न करता, मोकळी झालेली वॉटर बॉडी तपासावी. तिची पुली दोन्ही हातांनी हलवून पाहावी; खुळखुळली, किंवा तिच्या खालच्या बारीक छिद्रातून कूलंट झिरपल्याची खूण दिसली, तर तीही याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण खिळखिळी वॉटर बॉडी नव्या क्लचला हादरे देत राहते आणि डुगडुगणारा क्लच नव्या वॉटर बॉडीला. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या बुडाशी चीर आहे का ते उजेडात पाहावे. चिरलेला पंखा डिंकाने अगर तारेने सांधण्याची वस्तू नव्हे. जुना आणि नवा क्लच शेजारी ठेवून व्यास, खोली आणि बोल्टांचे अंतर जुळवून घ्यावे. बाजारात एकसारखे दिसणारे अनेक डबे असतात आणि पंखा एक बोट पुढे आला तरी तो रेडिएटरला भिडू शकतो. खरेदी करतानाही एक दक्षता घ्यावी: हा डबा गाडीत जसा उभा असतो तसाच दुकानात आणि प्रवासात उभा ठेवावा लागतो, आडवा पडून राहिला तर द्रव बेअरिंगकडे उतरतो आणि नवा क्लच न वापरताच अर्धा जुना होतो.

बसविताना पंख्याची दर्शनी बाजू पुढेच राहील हे पाहावे, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळीत न्यावेत, काउल पुन्हा पक्के करावे आणि चावी फिरविण्यापूर्वी पंखा हाताने एक पूर्ण फेरा देऊन कोठे घासत नाही ना याची खात्री करावी. पुठ्ठा काढण्याचे विसरू नये, हे सांगावे लागते म्हणून सांगतो. इंजिन सुरू असताना बॉनेटखाली वाकणाऱ्या माणसाच्या अंगावर उपरणे, सैल बाही किंवा गळ्यातला ताईत लोंबत असू नये; मंद फिरणारा पंखा निरुपद्रवी वाटतो आणि पुढच्याच क्षणी झडप उघडून तो पूर्ण वेगात येतो.

तीच झडप उघडताना ऐकणे ही या कामाची अखेरची परीक्षा. रेडिएटरच्या पुढचा बराचसा भाग पुठ्ठ्याने झाकून इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावे आणि काट्यावर लक्ष असावे. काही मिनिटांनी, काटा लाल रेघेच्या बराच अलीकडे असताना, पंख्याचा स्वर स्पष्टपणे चढतो. पुठ्ठा काढला की थोड्या वेळाने तो उतरतो. चढला नाही, किंवा चढून उतरलाच नाही, तर भाग सदोष समजून परत करावा. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाचे कॅन चढवून गाडी सुरू करताच तोच घोष मिनिटभर ऐकू आला, तर तेवढ्यासाठी दुकानदाराशी हुज्जत घालण्याचे कारण नाही. गाडी रात्रभर उभी असता साठ्यातला काही द्रव आपोआप मागच्या भागात उतरलेला असतो आणि तो पुन्हा जागेवर ढकलला जाईपर्यंत प्रत्येक निरोगी क्लच हा आवाज करतोच. चांद्याहून सूसच्या रस्त्याला लागेपर्यंत तो थांबला म्हणजे झाले.